दुसऱ्या बादलीची धार

१

टोमॅटोला करपा लागू नये म्हणून जे औषध मारतात ते दुकानात तयार मिळतं. पण आमच्या घरी ते मागच्या पडवीत, तीन प्लॅस्टिकच्या बादल्यांत बनतं, आणि मी आहे तोवर तसंच बनेल. एका बादलीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा खार, भिजवून निळं पाणी करायचं. दुसऱ्या बादलीत कळीचा चुना विरवायचा. चुना जिवंत असला की पाणी पडताच खदखदतो, बादली बाहेरून गरम लागते. तो निवला की गाळून घ्यायचा. मग एकीने निळी बादली उचलायची, दुसरीने पांढरी, आणि दोन्ही धारा एकदम, सारख्या, तिसऱ्या बादलीत सोडायच्या. एकीने घाई केली की औषध फुटतं आणि गाळासारखं तळाशी बसतं. म्हणून हे काम दोघींचं.

पंचवीस वर्षं निळी बादली माझी आणि पांढरी धाकटीची. धाकटी म्हणजे माझी जाऊ. मी भिंतीकडे पाठ करून उभी राहायचे, ती हौदाकडे.

शेवटी खिळा. पडवीच्या दाराला दोऱ्याने एक लांब लोखंडी खिळा टांगलेला आहे. औषध झालं की तो त्यात मिनिटभर बुडवून धरायचा. खिळा काळाच राहिला तर औषध बरोबर. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, पाण्यात मोकळं तांबं उरलंय असं समजायचं. असलं औषध पानांवर गेलं तर त्यापेक्षा करपा परवडला, कारण पानं जळून जातात. मग आणखी चुना घालायचा आणि पुन्हा खिळा बुडवायचा, काळा निघेपर्यंत.

धाकटी आठ महिन्यांपूर्वी गेली. आता मी एकटीच करते. एका हाताने निळं पाणी चुन्यात ओतायचं, दुसऱ्या हाताने काठीने ढवळायचं. कमरेचे काटे ढिले होतात, आणि तरी दर वेळी खिळा तांबडा निघतो, दोन-तीनदा चुना वाढवावा लागतो. मला त्याची सवय झाली होती.

त्या सोमवारी खिळा पहिल्याच खेपेला काळा निघाला.

तुम्ही म्हणाल, चला, हात बसला. मीही तेच म्हटलं असतं. पण त्या दिवशी डब्यात चुना निघाला निम्मा. दुकान उघडलं की आणून वाढवू, म्हणून मी होता तेवढाच घातला होता. निम्म्या चुन्यात खिळा काळा निघत नाही. कुणाच्याही हातून निघत नाही.

मी तो पुसला, पुन्हा बुडवला आणि शंभर आकडे मोजले. काळाच.

२

आमची बाग म्हणजे घरामागचे चार वाफे. एकात घेवडा, एकात काकडी, एकात कोबी, आणि चौथ्यात, धाकटीच्या खोलीच्या खिडकीखाली, टोमॅटोची सहा झाडं. हा सगळा खटाटोप त्या सहांसाठी.

ते बी धाकटीच्या माहेरचं. फळ दिसायला काही खास नाही. देठाशी हिरवट राहतं, एका बाजूने चेपलेलं असतं. पण तसा टोमॅटो मी दुसरीकडे खाल्लेला नाही, आणि मी कुणाचं उगाच कौतुक करणारी बाई नाही. तिच्या माहेरी आता माणसंही उरली नाहीत आणि बीही नाही. ती गेल्यावर तिच्या कपाटात कागदाच्या पुडीत चिमूटभर सापडलं.

तिची मुलगी दूर असते, चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. तिशी ओलांडली तरी आम्ही तिला पिल्लूच म्हणतो. भाड्याच्या खोलीत कुंडी ठेवायला जागा नाही, म्हणून पुडी माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "काकू, तुमच्याच हाताला येतील. आईचं एवढंच राहिलंय. पहिली फळं पिकली की मी बी न्यायला येते."

सगळं बी मी पेरलं. बावीस रोपं वर आली. त्यातली नऊ पहिल्याच आठवड्यात मातीलगत सडली आणि आडवी झाली. कोवळ्या रोपाला ओल जास्त झाली की बुरशी असा पायच कापते. पुढे सात करप्याने नेली. राहिली सहा.

त्या सहांसाठी मी काय केलं नाही ते विचारा. मध्ये वारा खेळेल एवढं अंतर ठेवलं. गुडघ्यापर्यंतची पानं काढून टाकली. बुंध्याशी पेंढा पसरला, म्हणजे पाणी घालताना माती उडून पानाला लागायला नको. पाणी मुळाशी, पानावर थेंब नाही. पानं ओली असताना वाफ्यात पाऊल नाही. एका झाडाला लावलेली कात्री स्पिरिटमध्ये बुडवल्याशिवाय दुसऱ्याला नाही. डाग पडलेलं पान पिशवीत घालून जाळायचं, खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही. आणि दर सोमवारी औषध. हे औषध लागलेला रोग बरा करत नाही, न लागलेल्या पानाला सांभाळतं एवढंच. एक आठवडा चुकवून चालत नाही. पंधरा दिवस धुकं हटत नव्हतं, आणि कुंपणापलीकडच्या मास्तरांचा टोमॅटो काळा ठिक्कर पडून गेला होता.

म्हणून मी ते निम्म्या चुन्याचं औषध मारलं. खिळा काळा होता ना? मग झालं. दुसऱ्या दिवशी पानं टवटवीत दिसली.

"हात बसला तुझा," हे म्हणाले. ह्यांची उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. त्यात डोळे अधू झाले, आणि कान वयाने गेले.

"पंचवीस वर्षं बसलेलाच आहे," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही ते बरंच.

३

बुधवारी काकडी चिरायला सुरी घेतली तर पातं तांबूस.

गंज मला कळतो. गंज खरखरीत असतो, बोटाला लागतो. हे गुळगुळीत होतं, टोकापासून मुठीपर्यंत सारखं, पातळ, चकचकीत. खिळ्यावर चढतं तसंच.

मी डोकं चालवलं. मोरचुदाचे हात नीट धुतले नसतील, ओल्या हाताने सुरी धरली असेल. लोखंडाला तांबं लागायला किती वेळ लागतो? मी राखेने सुरी घासली, हात साबणाने दोनदा धुतले, आणि स्वतःलाच चार शिव्या घातल्या. असल्या निष्काळजीपणाने माणसं मरतात.

गुरुवारी धाकटीची खोली उघडली. पिल्लू येणार तर तिथेच झोपणार, खोलीला वारा लागायला हवा. खोली आहे तशीच होती. खाट, कपाट, खिडकीत तिची लोकरीची पिशवी, भिंतीवर ओलीचा एक डाग. बुरशीचा वास मला दारातूनच आला. खिडकी उघडायला म्हणून दार मागे ढकललं आणि आतल्या कडीकडे लक्ष गेलं.

कडी तांबूस होती.

ती कडी आतून लावायची. आठ महिने दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. मी आत जाऊन कडी लावायचं कारणच काय? ह्यांनी लावली म्हणावं तर हे मोरचुदाला हात लावत नाहीत.

"गंज असेल," हे म्हणाले.

"गंज नाही हो."

"मग पितळेची असेल."

पस्तीस वर्षं ह्या घरात राहून माणूस असं बोलतो. मी खोली बंद केली आणि किल्ली दोनदा फिरवली.

४

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धाकटीला सांगायची होती ती आता तुम्हाला सांगते.

चार वर्षांपूर्वी चारही वाफ्यांत टोमॅटो होता. साठ झाडं, सगळी तिच्या माहेरच्या बियांची. तिने लेकरासारखी वाढवलेली. चुन्याचा डबा सांभाळणं माझ्याकडे होतं. कळीचा चुना हवाबंद ठेवावा लागतो. झाकण उघडं राहिलं की हवेने त्याची भुकटी होते, जोर जातो, चुना मरतो. त्या आठवड्यात झाकण मी उघडं टाकलं होतं.

सकाळी धाकटीने चुन्यावर पाणी ओतलं आणि थांबली. "ताई, चुना उकळला नाही."

"उकळेल गं. ओत."

"खिळा तरी बघूया."

"इतकी वर्षं खिळाच बघतोय. ओत ना, उशीर होतोय." आदल्या दिवशी माझं ह्यांच्याशी कशावरून तरी वाजलं होतं, आता आठवतही नाही. तिने ओतलं. साठही झाडांवर औषध मारून झालं.

दुपारी ती आत पडलेली असताना मी उरलेल्या औषधात खिळा बुडवला. लालभडक निघाला. त्याच घटकेला पाइप लावून पानं धुतली असती तर निम्मी झाडं वाचली असती. पण पानं का धुतेस असं कुणीतरी विचारलं असतं. मी खिळा विटेवर घासून काळा केला, परत दाराला टांगला, आणि मेलेला चुना कुंपणापलीकडे टाकून आले.

दोन दिवसांत सगळी झाडं जळाली. घरचे सगळे पडवीत जमले. दीर तेव्हा होते. त्यांनी विचारलं, "चुना कुणी ओतला?"

मी म्हटलं, "धाकटीने."

खोटं नव्हतं. दीर तिला नाही नाही ते बोलले, हात आखडलास म्हणाले, माहेरची एक गोष्ट नीट टिकवता आली नाही म्हणाले. ती माझ्याकडे बघत होती. मी मूग गिळून बसले. तीही काही बोलली नाही. त्यानंतर ती पुन्हा बागेत उतरली नाही. चार वर्षं आम्ही एकाच ओट्याशी उभ्या राहून स्वयंपाक केला आणि दुधातुपापलीकडे बोललो नाही. तिने एकदा तरी तोंडावर फेकायला हवं होतं, मला दोन कानाखाली वाजवायला हव्या होत्या. तेवढीही मेहेरबानी केली नाही तिने, आणि दोन महिने अंथरुणावर राहून एके दिवशी निघून गेली.

५

पुढच्या सोमवारी मी परीक्षा घ्यायची ठरवली. ताजा चुना आणला होता, त्याचा डबा मुद्दाम कपाटात कुलपात ठेवला. चुन्याची बादली धुऊन, पुसून, पडवीत पालथी घातली. नुसतं निळं पाणी तिसऱ्या बादलीत ओतलं. त्यात चुना नावालाही नव्हता. आता खिळा तांबडा निघायलाच हवा, नाहीतर जगात कशावर विश्वास ठेवायचा?

खिळा दाराला होता. तो काढायला वळले तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. मी धावत स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला, ओटा पुसला. सगळी मिळून तीन मिनिटं.

पुसता पुसता ऐकलं. खदखद. बारीक, बुडबुड्यांची, मध्येच फस्स करणारी. चुना विरताना होते ती. पंचवीस वर्षं ऐकलेला आवाज मी दुसऱ्या कशाचा समजणार नाही. तरी मी गॅसकडे बघितलं. बंद होता.

पडवीत आले तेव्हा आवाज थांबला होता. पालथी घातलेली बादली सुलटी होती. मी हात लावला. गरम. आत कडेला पांढरी साय धरलेली, आणि हौदाच्या बाजूला फरशीवर चार-पाच पांढरे थेंब. धाकटीची धार नेहमी शेवटाला जरा सांडायची, तिथेच. तिसऱ्या बादलीतलं पाणी आकाशी झालं होतं, जसं व्हायला हवं तसं. कपाटाला कुलूप होतं. मी उघडून बघितलं, डबा भरलेला, झाकण घट्ट.

खिळा काळा निघाला.

मी तिथेच फरशीवर बसले. खिडकीतून ह्यांचा आवाज आला, "आज दोघींचं लवकर आटोपलं."

"दोघी कुठल्या?" मी ओरडले.

ते दचकले. "अगं, सवयीने आलं तोंडात. काय अंगावर येतेस?"

असेल. ह्यांना चार हातांपलीकडचं धड दिसत नाही. पण मी त्यांना पुन्हा काही विचारलं नाही.

६

माणूस कशालाही सरावतो. मीही सरावले. औषध उत्तम होत होतं, सहाही झाडांवर एक डाग नव्हता, हिरवी फळं मुठीएवढी झाली होती. धुकं तसंच होतं. एक सोमवार चुकला असता तर सगळं हातचं गेलं असतं, आणि पिल्लूला मी काय तोंड दाखवलं असतं?

त्यामुळे मी एक नियम पाळला. चुना विरवून पांढरी बादली हौदाच्या बाजूला ठेवायची, निळी आपण उचलायची, आणि मान वर करायची नाही. नजर तिसऱ्या बादलीत. माझी निळी धार पडायला लागली की समोरून पांढरी पडायची. सारखी, शांत, माझ्या धारेच्या जोडीने. माझी थांबली की ती थांबायची. इतकी वर्षं जमवून केलेलं काम, त्यात चूक कशी होईल? कधीकधी मला खरंच बरं वाटायचं. वाटायचं, सोडलंन तिने. माफ केलंन.

पण घरातलं लोखंड लाल होतच होतं. तवा, खिडकीचे गज, ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतले चिमटे. मी घासायचे, दोन दिवसांनी पुन्हा तेच. हातांचं कारण मी सोडून दिलं होतं, कारण आता मी हातमोजे घालत होते. एका सकाळी अंबाडा सोडला आणि केसांतला आकडा हातात आला. तो रात्रंदिवस माझ्या डोक्यात खुपसलेला असतो, त्याला मोरचुदाचा वाराही लागत नाही. तो टोकापर्यंत तांबूस झाला होता.

खिळ्याची भाषा मला कळते. चुना कमी आहे, एवढंच तो सांगतो. औषधात कमी नव्हता. मग कुठे कमी होता ते मी स्वतःला विचारलं नाही. आकडा घासून पुन्हा केसांत खोवला.

७

पिल्लू शनिवारी आली. आल्या आल्या वाफ्याशी जाऊन उभी राहिली आणि रडली. "काकू, जगवलीत तुम्ही."

"अजून आठ दिवस," मी म्हटलं. "रंग चढू दे. हिरव्या फळाचं बी उगवत नाही. आणि आत पाय टाकू नकोस, पानं ओली आहेत."

"नाही टाकत. तुमच्या बागेत तुमचा हुकूम." ती हसली. हसताना थेट धाकटी.

तिची बॅग मी तिच्या आईच्या खोलीत ठेवली. ती दाराशी थांबली. "काकू, ही कडी तांब्याची कधी केलीत?"

"ह्यांना हौस," मी म्हटलं.

रविवारी दुपारी आम्ही पडवीत चहा घेत बसलो होतो. पिल्लू चुन्याच्या डब्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "अय्या, काकू, एक निरोप राहूनच गेला. शेवटच्या आठवड्यात आई सारखं एकच म्हणायची. ताईला सांग, चुन्याचा डबा झाकत जा. मला वाटलं, वातात बोलतेय. मग पुढे सगळ्या धावपळीत विसरलेच."

मी कप खाली ठेवला.

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. दीर बोलत होते तेव्हा, चार वर्षं ओट्याशी उभी होती तेव्हा, सगळा वेळ. आणि मरताना तिने काय सांगितलं, तर डबा झाकत जा. पुढच्या झाडांची काळजी. माझ्या घशाशी आलं होतं. पिल्लू समोर बसली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, ह्यांना ऐकू येत नाही. चार वाक्यांचं काम होतं. बाळ, तुझ्या आईची काही चूक नव्हती. एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, "झाकणाची हयगय तिचीच असायची. मलाच सांगतेय वर."

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. पिल्लू बिचारी हसली. "आई होतीच धांदरट."

८

सोमवारी सकाळी चुन्यावर पाणी घातलं. खदखदला. डबा मी स्वतः झाकला, दोनदा दाबून बघितला. पिल्लू दारात आली.

"काकू, हे दोघींचं काम ना? आई सांगायची. मी ओतू चुना?"

"नको."

"शिकेन तरी."

"नको म्हटलं ना! आत जा. वास बाधेल." तिच्या आईच्या जागेवर तिला कशी उभी करू? जागा रिकामी नव्हती. पिल्लू फुरंगटून आत गेली आणि त्या खोलीच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. तिथून वाफा दिसतो, पडवी अर्धी दिसते.

मी निळी बादली उचलली. मान खाली. माझी धार सुरू झाली, समोरून पांढरी सुरू झाली. आकाशी रंग फिरायला लागला. मग पांढरी धार थांबली.

माझी चालू होती. निम्मीही झाली नव्हती. मी थांबले, पुन्हा सुरू केली. समोरून काही नाही. तेव्हा मी मान वर केली.

पूर्ण नाही. बादलीपर्यंत. पांढरी बादली माझ्या कमरेच्या उंचीवर होती, कलती, निम्मी भरलेली. ती दोन हातांनी धरलेली होती. चुन्याने उललेली बोटं, अंगठ्याशी जुनी भेग, नखांत पांढरं. धाकटीचा डावा अंगठा दारात चेमटला होता, त्याचं नख वाकडं आलं होतं. ते वाकडं नख मी बघितलं. मनगटाच्या वर बघितलं नाही. हात हलत नव्हते. घाई नव्हती त्यांना. कुणी काही विचारलं की माणूस उत्तरासाठी थांबतो तसे थांबले होते.

काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. आजही माहीत आहे.

भीती होती, आणि भीतीच्या खाली तीच जुनी चीड होती. इतकी वर्षं गप्प राहिलीस ना? मग आत्ताच काय अडलंय? मी म्हटलं, "ओत ना, उशीर होतोय."

बादली खाली टेकल्याचा आवाज झाला. मी बघितलं नाही. राहिलेलं निळं पाणी मी ओतून टाकलं, ढवळलं. रंग ठीक वाटला. जरा गडद, पण ठीक. खिळा माझ्या डोक्याशी दोऱ्याला लटकत होता. गेले कित्येक सोमवार काळाच निघत होता, आज वेगळा का निघेल? मी त्याला हात लावला नाही. सहाही झाडांवर औषध मारलं, पानांच्या वरून, खालून, फळांवर, थेंब गळेपर्यंत.

परत आले तेव्हा हौदाच्या बाजूला पांढरी बादली होती. निम्मा चुना तसाच होता.

मग खिळा बुडवला. मिनिटभर लागलंच नाही. लालभडक.

पाइप हौदाला गुंडाळलेला होता, सहा पावलांवर. सहा झाडं धुवायला किती वेळ लागतो? मी पाइपाकडे निघाले सुद्धा. तेवढ्यात खिडकीतून पिल्लूने हाक मारली, "झालं का काकू? नीट झालं ना?"

मी खिळा मुठीत घट्ट धरला. "झालं," मी म्हटलं.

९

बुधवारी सकाळी पिल्लूच्या ओरडण्याने जाग आली. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळल्या होत्या, देठ काळे, फळांवर खरबरीत चट्टे. संध्याकाळपर्यंत फळं गळायला लागली. एक चिरून बघितलं. आत हिरवं पाणी, आणि बिया म्हणजे नुसते पांढरे पापुद्रे.

एक बी धरण्यासारखं राहिलं नाही.

पिल्लू पडवीत खालीच बसली. हे बाहेर आले, खुर्ची ओढून बसले, काय झालं ते त्यांना तिसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. पिल्लूचे डोळे सुजले होते. आता तिने पांढरी बादली जवळ ओढली आणि आत बघितलं. सगळं आयुष्य लोकांच्या डोळ्यांत बघणारी मुलगी ती, माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, आईच्या वेळी असंच जळालं होतं ना? चुना कमी पडून?"

"हो."

"मग परवा चुना कुणी ओतला?"

मूठ माझी अजून मिटलेली होती. सोमवारपासून तळहातावर खिळ्याचा तांबडा वळ उठला होता, घासून जात नव्हता. मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, शपथ घेऊन सांगते.

"तुझ्या आईने," मी म्हटलं.

पिल्लू उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात माझ्या पाठीमागे, जिथे चुन्याचा डबा असतो तिथे, झाकण लागल्याचा आवाज झाला. दोन्ही हातांनी दाबून नीट लावावं तसा.

पिल्लूने मान वळवली. ह्यांनीही वळवली.